बाणाचे टोक कोणासाठी?

"त्या गोष्टीचं शल्य अजून मनात आहे," असे आपल्या घरांतून सहज बोलले जाते. शल्य म्हणजे मुळात बाणाचे किंवा भाल्याचे अणकुचीदार टोक. पुढे शरीरात रुतून बसलेली कोणतीही वस्तू शल्य झाली आणि ती काढण्याची विद्या शल्यचिकित्सा ठरली. शस्त्रक्रियेचे नावच बाणाच्या टोकावरून पडावे, इतके त्या टोकाने माणसाला छळले आहे. यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही हेच टोक विषय म्हणून घेतले. मात्र सुरुवात करायची ती दूरच्या मुलखातून, कारण टोकाच्या निवडीचा विचार तिथल्या शिकाऱ्यांना फार बारकाईने करावा लागला.

मध्ययुगातील युरोपात क्रॉसबो नावाचे हत्यार होते. लाकडी दांड्यावर धनुष्य आडवे बसवलेले. दोरी ताणून खाचेत अडकवायची, बाण ठेवायचा आणि खालची कळ दाबायची. साध्या धनुष्याची दोरी ताणून फार वेळ उभे राहता येत नाही, हात भरून येतो. क्रॉसबो मात्र ताणलेला ठेवून झुडपाआड वाट पाहत बसता येते. म्हणून शिकाऱ्यांना तो आवडला. त्याचा बाण आखूड आणि जाड, साधारण दीड वीत लांबीचा. युद्धात वापरायच्या बाणाला बहुधा चौकोनी छेदाचे, निमुळते, भरीव टोक असे. इंग्रजीत या बाणाला क्वारल म्हणतात, आणि तो शब्दही 'चौकोनी' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच आलेला. चिलखतावर सगळा जोर एका बिंदूत एकवटावा, एवढेच त्याचे काम.

हरणाने चिलखत घातलेले नसते. चौकोनी टोक त्याच्या अंगातून गेले तर भोक लहान पडते, कातडी पुन्हा मिटते, रक्त बाहेर फारसे येत नाही. जनावर कोसभर धावते आणि कुठल्यातरी जाळीत तासन्‌तास तडफडून मरते; शिकाऱ्याच्या हाती काही लागत नाही. म्हणून शिकारीच्या बाणाला रुंद, पातळ, दोन्ही कडांना धार लावलेला फाळ बसवीत. असा फाळ रक्तवाहिन्या कापत जातो. जनावर लवकर पडते, आणि पळालेच तर रक्ताच्या मागाने कुत्रे त्याच्यापर्यंत पोचतात.

मग फाळ रुंदच रुंद का करू नये? इथे खरी मेख आहे. रुंदी वाढली की कापायचे अंतर वाढते आणि तेवढा बाणाचा जोर खर्ची पडतो. बरगडीला लागला तर तिथेच अडतो. शिवाय रुंद पाते हवेत पंखासारखे वागते. मागची पिसे बाणाला एकीकडे नेऊ पाहतात, पुढचे पाते दुसरीकडे. फाळ दांड्याच्या रेषेत केसभर जरी तिरका बसला तरी वेगवान बाण भरकटतो. क्रॉसबोचा बाण आखूड, म्हणून हा दोष त्याला अधिक बाधतो. धनुष्य किती कडक, जनावर किती मोठे आणि अंतर किती, या तिन्हींचा मेळ बसेल तेवढीच रुंदी घ्यायची. पाखरांसाठी तर टोक बोथट, लाकडी गाठीसारखे. म्हणजे पिसे आणि मांस खराब होत नाही. स्पेनमधील शिकारी फाळाला एका विषारी झाडाच्या मुळीचा रस लावीत, आणि त्या झाडाचे नावच तिकडे 'क्रॉसबोवाल्याची वनस्पती' असे पडले. तिथल्या आलोन्सो मार्तीनेस दे एस्पिनार याने १६४४ साली शिकारीवर ग्रंथ लिहिला, त्याच्या नावात क्रॉसबोची विद्या आहे. गंमत अशी की या गृहस्थांची दरबारातली नेमणूक राजाच्या हाती बंदूक देण्याची होती!

याच क्रॉसबोवर बंदी घालण्याचाही प्रयत्न झाला होता. ११३९ साली रोममधील लॅटरन येथे भरलेल्या धर्मसभेने क्रॉसबोवाल्यांची आणि धनुर्धरांची ती प्राणघातक कला ख्रिस्ती माणसांविरुद्ध वापरू नये, असा ठराव केला. बंदी फारशी कोणी पाळली नाही. आम्हाला लक्षात घ्यावीशी वाटते ती तिची कक्षा. अख्रिस्ती माणूस तिच्याबाहेर. मग हरणाची काय कथा?

आपल्याकडे क्रॉसबो फारसा रुजला नाही. निकोबारच्या बेटांवर तो आढळतो, केरळच्या काही जंगलवासी जमातींतही होता. टोकांचा विचार मात्र आपल्याकडे फार जुना. कापणारी, भेदणारी आणि ठोसा देणारी अशी बाणाची टोके कौटिल्याने सांगितली, लोखंडाची, हाडाची आणि लाकडाची. धनुर्वेदावरील ग्रंथांत कवचासाठी सूचीमुख, हृदयासाठी भल्ल, मस्तकासाठी अर्धचंद्र अशी वाटणी येते. सूचीमुख आणि युरोपातले चौकोनी टोक यांचे काम एकच. अर्धचंद्राकार फाळ तर युरोपातील संग्रहालयांतही पाहायला मिळतात.

मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने युद्धात कर्णी बाण, विष लावलेले बाण आणि पेटते बाण वापरू नयेत असे सांगितले आहे. कर्णी म्हणजे मागे वळलेले कान असलेला फाळ. तो आत जातो सहज, पण उपसताना मांस फाडून बाहेर येतो. सुश्रुताने शल्य काढण्याच्या दोन वाटा दिल्या, एक आले त्या वाटेने मागे आणि दुसरी पुढे ढकलून पलीकडून. दुसरी वाट का लागली असेल, हे कर्णी डोळ्यांपुढे आणले की कळते. पण मनूचाही हा नियम रणांगणापुरता. शिकारीला तो कोणी लावला नाही.

लॅटरनच्या ठरावाच्या दहाच वर्षे आधी, ११२९च्या सुमारास, कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराचा 'मानसोल्लास' सिद्ध झाला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, ही नोंद त्यातलीच. मराठीच्या इतिहासात तिचे नाव निघतेच. त्याच ग्रंथात मृगया हा राजाचा एक विनोद, म्हणजे करमणूक, म्हणून विस्ताराने येतो. हा ग्रंथ छापून निघाला तो आमच्या वडोदऱ्यात. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने सुरू झालेल्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये श्रीगोंदेकरांनी संपादलेला त्याचा पहिला खंड १९२५ साली आला. ओवीपुरता तो ग्रंथ आपण उघडतो, शिकारीची पाने उलटून पुढे जातो. आमच्या मते तीही वाचावीत, आवडत नसली तरी.

आता आपल्या देशात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा हा सारा हिशेब बंद केला. अमेरिकेत क्रॉसबोची शिकार चालू आहे, पण काही राज्यांत फाळ निदान ७/८ इंच रुंद कापणारा असावा असा नियम आहे. त्याहून अरुंद फाळाने जनावर जखमी होऊन निसटते, हेच त्यामागचे कारण.

आणि वडोदऱ्याहून छोटा उदेपूरकडे गेले की मेळ्यांत राठवा, भिल्ल मंडळींच्या खांद्यावर तिरकमठा अजून दिसतो. बांबूचे धनुष्य आणि दोरीही बांबूच्याच सालीची. त्यांच्याकडे पाखरासाठी बोथट, मासळीसाठी लांब सुईसारखे आणि मोठ्या जनावरासाठी पानासारखे रुंद, अशी टोके पूर्वापार चालत आलेली आहेत, कोणताही धनुर्वेद न वाचता.