साडेतीन इंची इंजिनाची गोष्ट

मेकॅनिकलचा डिप्लोमा करून 2001 साली मी रेल्वेत लागलो. ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची गाडी 1995 मध्येच बंद झाली होती. त्यामुळे माझी सारी नोकरी डिझेलमध्ये गेली. वाफेचे इंजिन मी शिकलो ते घरामागच्या पडवीत, 'टिच' नावाचे साडेतीन इंच गेजचे छोटे इंजिन स्वतः बनवताना. त्यामागचा इतिहास आपल्या मंडळींना आवडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

लंडनमध्ये 1898 साली पर्सिव्हल मार्शल यांनी 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक सुरू केले. त्या काळी छोट्या इंजिनांत बहुधा स्पिरिटचा दिवा जळे. हेन्री ग्रीनली यांच्यासारखे नामांकित डिझाइनर आणि बॅसेट-लोके ही प्रसिद्ध कंपनी याच पद्धतीच्या बाजूची. एवढ्याशा इंजिनात खरा कोळसा जाळून माणूस ओढता येईल, यावर फारसा कोणाचा विश्वास नव्हता.

1922 च्या सुमारास एका माणसाने याला उघड आव्हान दिले. त्याला कर्ली लॉरेन्स म्हणत. तरुणपणी तो लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेच्या शेडमध्ये कामाला होता. त्या रेल्वेची आद्याक्षरे 'एलबीएससी' हेच त्याने टोपणनाव घेतले. पत्रव्यवहारातून वाद पेटला. 'बॉयलरची लढाई' म्हणून तो प्रसिद्ध आहे. 1924 मध्ये लॉरेन्सचे अडीच इंच गेजचे 'आयेशा' आणि बॅसेट-लोकेचे इंजिन यांचा सामनाही झाला. कोळशावर चालणाऱ्या आयेशाने मोठा माणूस सहज ओढून दाखवला.

यातले मर्म साध्या गणिताचे आहे. माझे इंजिन खऱ्याच्या साधारण सोळाव्या हिश्श्याचे. लांबी 16 पट कमी झाली की पृष्ठभाग 256 पट आणि आकारमान 4096 पट कमी होते. म्हणजे पाणी फार घटते, उष्णता बाहेर जाणारा पृष्ठभाग मात्र त्या मानाने बराच उरतो. मोठ्या बॉयलरची दोन इंची नळी त्याच प्रमाणात लहान केली तर ती एक अष्टमांश इंचाची होईल आणि काजळीने लगेच तुंबेल. म्हणून तत्त्व मोठ्या इंजिनाचेच ठेवायचे, पण नळ्या थोड्या आणि रुंद घालायच्या.

लॉरेन्सचे खरे मोठेपण यापुढचे. 1924 पासून त्याने लेखमाला लिहिली. कोणता पत्रा कसा वाकवायचा, भोक कुठे पाडायचे, हे त्याने साध्या लेथवर काम करणाऱ्याला समजेल असे सांगितले. 'टिच' हे नवशिक्यांसाठीचे चारचाकी इंजिन त्याने दुसऱ्या महायुद्धानंतर दिले. 1967 साली तो वारला, पण त्याच्या आराखड्यांवरून आजही लोक इंजिने बनवतात.

माझा बॉयलर तांब्याचा. पत्रा लाल तापवून पाण्यात बुडवला की मऊ होतो, पण साच्यावर ठोकता ठोकता पुन्हा कडक होतो. मग परत तापवायचा. चांदीच्या डाकाने सांधे जोडले आणि पाण्याने दाब-चाचणी घेतली. कामाचा दाब 80 पौंड, चाचणी 160 ची. काटा 110 वर गेला आणि एका स्टेच्या टोकाशी थेंब दिसला. पाणी दाबले जात नाही, म्हणून थेंबावरच निभावले. वाफ किंवा हवा असती तर जिवावर बेतले असते.

त्या संध्याकाळी आमच्या कॉलनीतल्या एका निवृत्त बॉयलरमेकर काकांना बोलावले. त्यांनी बोट फिरवले आणि म्हणाले, "डाक वितळला, पण तांबे तेवढे तापलेच नाही. आच आधी तांब्याला द्यायची, डाकाला नाही." दुसऱ्या खेपेला काटा 160 वर गेला आणि स्थिर राहिला.

काकांचे ते वाक्य कुठेही लिहिलेले नव्हते. पुढच्या वर्षी काका गेले. लॉरेन्सही शेडमधलाच माणूस, पण त्याने लिहून ठेवले, म्हणून त्याची विद्या माझ्यापर्यंत आली. आपल्या कॉलनीत वाफेवर काम केलेली मंडळी आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. मी एक वही केली आहे. त्यातले पहिले वाक्य काकांचे आहे. बाकीची पाने ज्येष्ठांनी भरावीत, ही नम्र विनंती. त्यांनी बोलावे, मी लिहून घेईन.