वसाहत, छावणी, साम्राज्य : काही रूढ शब्दांचा इतिहास

१९८० नंतरच्या दोन दशकांत मराठी समीक्षेत 'वसाहतवाद' आणि 'उत्तर-वसाहतवाद' या संज्ञा स्थिरावल्या. देशीवादाच्या चर्चेने त्यांना धार दिली. एकोणिसाव्या शतकातील मराठी ग्रंथांचे विवेचन आता या संज्ञांवाचून सहसा पुरे होत नाही. परंतु संज्ञा रूढ होणे आणि तिचा अर्थ निश्चित होणे या दोन भिन्न गोष्टी होत. 'वसाहत' हा शब्द समीक्षेबाहेरच्या व्यवहारातही नांदतो आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. बेघर झालेल्यांसाठी गोखलेनगरासारख्या ज्या वस्त्या उभ्या राहिल्या, त्या 'पूरग्रस्त वसाहती' म्हणून ओळखल्या गेल्या. 'कामगार वसाहत', 'औद्योगिक वसाहत' हे प्रयोग त्याच कुळातले. या शब्दात जेता नाही आणि जितही नाही; उठलेल्या माणसाला पुन्हा बसण्यासाठी मिळालेली जागा, एवढाच त्याचा आशय. मग परकीय सत्तेच्या शोषणव्यवस्थेचे नाव याच शब्दावर का बेतले गेले?

उत्तराचा एक धागा रोमपर्यंत जातो. ज्या इंग्रजी संज्ञेसाठी 'वसाहतवाद' हा प्रतिशब्द योजला गेला, तिच्या मुळाशी लॅटिनमधील 'कोलोनिया' हा शब्द आहे, आणि त्याच्याही मुळाशी 'कोलेरे' हे क्रियापद. जमीन कसणे, जोपासणे, वास्तव्य करणे हे त्याचे अर्थ. 'कोलोनस' म्हणजे शेत कसणारा. रोमन सत्ता जिंकलेल्या मुलखात आपले नागरिक, आणि पुढील काळात निवृत्त सैनिक, पाठवीत असे व त्यांना जमीन मोजून वाटून देत असे. ही जमीन बहुधा पराभूतांकडून घेतलेली असे. जर्मनीतील कोलोन आणि इंग्लंडमधील लिंकन ही नगरे आपल्या नावांत तो शब्द अद्याप वागवीत आहेत. संस्कृतिवाचक 'कल्चर' हा शब्दही याच क्रियापदाचा वंशज. कसणे, वसणे आणि बळकावणे या तिन्ही क्रिया 'कोलोनिया'त एकवटल्या आहेत. मराठी 'वसाहत'मध्ये त्यांतील केवळ दुसरी उरते.

या तिन्ही क्रियांची समान खूण म्हणजे नांगर. रोमन परंपरेनुसार नगर वसविताना संस्थापक बैल व गाय जुंपून सभोवार तास काढी आणि जेथे वेस असावयाची तेथे नांगर उचलून धरी. नगर नाहीसे झाले हे दर्शविण्यासही नांगरच. कार्थेजचा पाडाव इ. स. पूर्व १४६ मध्ये झाला; नगराला असलेला हक्क केव्हा संपतो हे सांगताना रोमन विधिज्ञ मोडेस्टिनस कार्थेजवर फिरलेल्या नांगराचा दाखला देतो. तेथे मीठ पेरल्याची लोकप्रिय कथा मात्र प्राचीन साधनांत आढळत नाही.

पुण्याच्या वाचकास ही प्रतिमा परकी वाटण्याचे कारण नाही. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे उद्ध्वस्त करून तेथे गाढवाचा नांगर फिरविला, आणि पुढे त्याच भूमीवर बालशिवाजीच्या हस्ते सोन्याचा नांगर चालला, असे परंपरा सांगते. गाढवाच्या नांगराची कल्पनाही फार जुनी आहे. कलिंगाधिपती खारवेलाच्या हाथीगुंफा लेखाचे जे वाचन प्रचलित आहे, त्यात पिथुंड नगर गाढवाच्या नांगराने नांगरल्याचा उल्लेख येतो. लाल महालातील शिल्पसमूहातून दादोजी कोंडदेवांचा पुतळा डिसेंबर २०१० मध्ये हलविण्यात आला, तेव्हा वाद वरवर पाहता एका व्यक्तीविषयीचा होता. मुळात तो नगर वसविण्याचे श्रेय कोणाचे, याविषयीचा होता. वसविणे ही सत्तेची कृती आहे, याची जाणीव लोकस्मृतीत अशी टिकून आहे.

जुन्या मराठी कागदपत्रांतही ही जाणीव दिसते. मुलूख आबाद करण्याला तेथे 'लावणी-संचणी' म्हणतात. लागवड आणि वस्ती यांचा उच्चार जोडीनेच होतो. 'आबाद' हा फारसी शब्दही वसलेले आणि लागवडीखाली आलेले, असे दोन्ही अर्थ वाहतो. पेठ वसवावयाची तर उदमी लोकांना कौल देऊन ठरावीक वर्षांपुरती करांत सूट मिळे. औरंगजेबाच्या मुक्कामात १७०३ च्या सुमारास वसलेली मुहियाबाद पेठ पुढे बुधवार पेठ झाली. नाव बदलून वस्ती आपलीशी करण्याची रीत दोन्ही सत्तांना अवगत होती. मात्र या देशी परिभाषेला निष्पाप मानणे चूक ठरेल. काळी आणि पांढरी, म्हणजे शेतजमीन आणि गावठाण, या जोडीने गावाची कल्पना पुरी होते असे मानले जाई. परंतु गावकुसाबाहेर ठेवलेल्यांची वस्ती त्या पांढरीत धरलेली नव्हती.

आता इंग्रजांकडे वळता येईल. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेस शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले. इंग्रजांनी पुण्यात रोमन अर्थाची 'कोलोनिया' स्थापिली नाही; स्वदेशीय कुटुंबे आणून त्यांना येथील शेते वाटली नाहीत. त्यांनी शहराबाहेर लष्करी ठाणे उभारले. लोकांनी त्याला 'लष्कर' म्हटले आणि 'कॅम्प'ही म्हटले. 'कॅम्प'चे मूळ मोकळे मैदान या अर्थाच्या लॅटिन 'कांपुस'मध्ये आहे. मराठी 'छावणी' तर छप्पर घालून पावसाळा काढण्याच्या फौजी प्रघातातून आलेली. तिन्ही शब्दांत तात्पुरतेपणा अभिप्रेत आहे. पण रोमनांच्या 'कास्त्रा'पासून, म्हणजे फौजी तळापासून, इंग्लंडात मँचेस्टर आणि लँकेस्टर झाले, त्याचप्रमाणे येथेही तळाचे नगर झाले. पुणेकरांनी परकीय सत्तेला वस्ती म्हणून नव्हे, तळ म्हणून ओळखले, ही गोष्ट समीक्षेने दुर्लक्षिण्याजोगी नाही.

'साम्राज्य' या शब्दाची कथा याहून निराळी. गणेशोत्सवात घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या मंत्रपुष्पांजलीत राज्याच्या अनेक प्रकारांमध्ये साम्राज्य येते आणि स्वाराज्यही येते. ऐतरेय ब्राह्मणातील ऐंद्र महाभिषेकात साम्राज्य पूर्वेशी, तर स्वाराज्य पश्चिमेशी जोडलेले आहे. म्हणजे ही अभिषेकाने प्राप्त होणाऱ्या अधिकाराची रूपे आहेत, परस्परविरोधी राजवटी नव्हेत. लॅटिन 'इंपेरियम'चाही आरंभीचा अर्थ अधिकाऱ्याची आज्ञाशक्ती असा होता. ती जेथवर चाले तो प्रदेश हा अर्थ नंतरचा. अधिकाराचा प्रदेश झाला आणि आपल्याकडे विसाव्या शतकात 'साम्राज्यशाही' हा शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला.

परक्याची नावेही अशीच सरकत गेली. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर धेनुकाकटाच्या यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. पेशवेकालीन मराठीत 'यवन' म्हणजे मुसलमान. १५४९ मध्ये अहमदनगरास ओतलेल्या, आता विजापुरास असलेल्या मुलूखमैदान तोफेचा कर्ता मुहंमद बिन हसन 'रूमी' म्हणवितो. रूम म्हणजे रोमच. परंतु तोवर त्या नावाचा वारसा तुर्कांकडे गेलेला होता.

या इतिहासाचा निष्कर्ष 'वसाहतवाद' ही संज्ञा टाकावी असा नाही. तिने काय झाकले जाते हे तपासावे, एवढाच आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली. तीत बाहेरून येऊन भूमी जिंकणारे आहेत ते इंग्रज नव्हेत, तर प्राचीन आर्यभट्ट. आणि त्यांच्याकडून जिंकला गेलेला बळी हा शेतकऱ्यांचा राजा आहे. फुल्यांच्या या मांडणीची ऐतिहासिक सत्यता हा वेगळा प्रश्न. 'कोलोनिया'तील कसणे, वसणे आणि बळकावणे हे तिन्ही अर्थ मात्र तिच्यात पूर्णपणे उपस्थित आहेत. वसाहतकाळ १८१७-१८ पासूनच मोजणारी समीक्षा फुल्यांना इंग्रजी राजवटीचे भाबडे प्रशंसक ठरविते, कारण तिच्या संज्ञेत नांगर कोणाच्या हातून गेला हा प्रश्नच शिल्लक राहिलेला नाही. छावणीला वसाहत म्हणावयाचे असेल तर अवश्य म्हणावे. पण मग गावकुसालाही त्याच शब्दाने मोजण्याची तयारी समीक्षेने ठेवली पाहिजे.