सह्याद्रीत तीन वाघ होते, वाघीण एकही नव्हती

आजच्या भागात आपण सातारा-सांगलीच्या जंगलात जाणार आहोत. विषय वाघांचा आहे, पण कथा आहे त्यांच्या डीएनएची.

साताऱ्याकडचं कोयना अभयारण्य आणि सांगलीकडचं चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. क्षेत्र सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर. प्रकल्प तर झाला, पण वाघ कुठे होता? २०१८ मध्ये एक कॅमेऱ्यात आला. मग डिसेंबर २०२३ मध्ये एक नर टिपला गेला. अंगावरचे पट्टे जुळवून पाहिले, तर तो आधी कोल्हापूरच्या राधानगरीत दिसलेला निघाला. त्याचं नाव पडलं सेनापती. पुढे सुभेदार आणि बाजी आले. तिघंही नर.

आता नरच का? तर वाघाच्या मादीचं असं असतं की मोठी झाली की ती शक्यतो आईच्या शेजारीच जागा धरते. नर मात्र लांब भटकतो. चांदोलीपासून राधानगरी, तिळारी, गोव्यातलं म्हादई आणि पुढे कर्नाटकातला काळी व्याघ्र प्रकल्प अशी जंगलाची एक साखळी आहे. पण ती रस्त्यांनी, खाणींनी, शेतीने जागोजागी तुटत आलीय. अशा वाटेने एखादा धाडसी नर येतो, वाघीण सहसा येत नाही.

म्हणजे वाघीण आपल्यालाच आणायला हवी. पण कुठून? या प्रश्नापाशी डीएनए कामाला येतो.

डीएनए मिळवायला वाघ पकडावाच लागतो असं नाही बरं का. विष्ठेवर त्याच्या आतड्यातल्या पेशी चिकटलेल्या असतात. त्यातून कळतं की प्राणी वाघ आहे की बिबट्या, नर आहे की मादी, आणि कालचाच आहे की दुसरा. जुन्या कातड्यातूनसुद्धा डीएनए निघतो. इंग्रजांच्या काळात शिकार झालेल्या वाघांची कातडी ब्रिटनमधल्या संग्रहालयांत पडून आहेत. बंगळुरूच्या एनसीबीएस संस्थेतल्या उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी ती तपासली. २०१३ मध्ये निष्कर्ष आला. आईकडून मिळणाऱ्या डीएनएचे जे प्रकार त्या जुन्या वाघांत होते, त्यातले ९३ टक्के आजच्या वाघांत सापडलेच नाहीत! आणखी एक गोष्ट दिसली. आज वेगवेगळ्या जंगलांतले वाघ एकमेकांपासून जितके तुटलेत, तितके पूर्वी नव्हते. तेव्हा रक्ताची देवाणघेवाण चालू होती.

२०१७ मध्ये याच संस्थेच्या आणखी एका अभ्यासात देशभरातले ३८ वाघ तपासले गेले. त्यात तीन गट दिसले: वायव्य, दक्षिण आणि मध्य भारत. सगळ्यात जास्त विविधता मध्य भारताच्या गटात होती. पण ६२ टक्के विविधता तिन्ही गटांत सामाईक होती.

आता हे सह्याद्रीला लावून बघा. आपला पट्टा जोडलेला आहे दक्षिणेकडच्या जंगलांशी. ताडोबा मात्र मध्य भारतातलं. मग ताडोब्याची वाघीण इथे आणावी का? घाटातला पाऊस, चढ-उतार, मोजकीच शिकार, सगळं तिला नवं. ही शंका रास्तच आहे. पण दुसरी बाजूही ऐका. अमेरिकेत फ्लोरिडाच्या प्यूमांची संख्या इतकी घटली की आपापसांत प्रजनन होऊन शेपट्या वाकड्या झाल्या, हृदयात दोष आले. १९९५ मध्ये टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्या आणि ती जमात सावरली. आपल्याकडे ओडिशातल्या सिमिलीपालमध्ये काळसर वाघ दिसतात. लोक कौतुकाने फोटो शेअर करतात, पण २०२१ च्या संशोधनाने दाखवलं की छोट्या, एकाकी पडलेल्या समूहात एका जनुकातला बदल पसरल्यामुळे ते तसे झालेत.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्यातून एक वाघीण चांदोलीत आणली गेली. मोहिमेचं नाव ‘ऑपरेशन तारा’. आधी तिला बंदिस्त आवारात ठेवलं, नव्या जंगलाची सवय व्हावी म्हणून.

आता महत्त्वाचं. गाडीतून आणलेली वाघीण म्हणजे तातडीचा उपचार झाला. तिची पिल्लं उद्या मोठी होतील, तेव्हा त्यांनाही परक्या रक्ताचा जोडीदार लागेल. दर वेळी किती वाघ ट्रकने आणणार? त्यासाठी राधानगरी-तिळारीची वाट मोकळी राहायला हवी. त्या पट्ट्यात नवा रस्ता किंवा खाण येते तेव्हा ‘जंगल किती गेलं’ एवढंच विचारून भागत नाही. ‘वाट तुटली का’ हेही विचारावं लागतं.

आणि एक विसरू नका. कोयनेच्या धरणासाठी, चांदोलीच्या जंगलासाठी कितीतरी कुटुंबांनी आपली गावं सोडलीत. त्यांनी सोडलेल्या त्या रानात वाघाची पिल्लं वाढावीत, एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

तुमच्या गावाजवळून असा एखादा जंगलपट्टा जातो का? नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!