भुंकणाऱ्या मोत्याचा इतिहास

आबा गेले आणि आम्ही आईला शेतातल्या आखाड्यावरून बीडच्या घरी आणलं. तिच्यासोबत मोत्याही आला. सहा वर्षांचं गावरान कुत्रं, तपकिरी रंगाचं, एक कान फाटका. आखाड्यावर त्याच्याइतकं शहाणं जनावर नव्हतं. गल्लीत आलं आणि तिसऱ्याच दिवशी दारात आलेल्या आशाताईंच्या साडीचा पदर धरून फाडला. अंगाला लागलं नाही, हे नशीब.

संध्याकाळी शेजारचे काका आले. म्हणाले, "इथं लेकरं खेळतात. मांजरसुंब्याच्या घाटात नेऊन सोडा त्याला." काकांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण आई त्या रात्री जेवली नाही. आबांच्या हातचं शेवटचं जितराब होतं ते.

मी इतिहास शिकवणारा माणूस. कुठलाही प्रश्न आला की मागं जाऊन बघायची सवय. हे कुत्रं असं झालं कसं?

उत्तर अवघड नव्हतं. आपणच केलं. आपल्या जिल्ह्यात दिवाळीच्या सुमाराला टोळ्या ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. पाच-सहा महिने कितीतरी वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसं, थोडी लेकरं आणि कुत्री उरतात. अशा ठिकाणी अनोळखी माणसावर तुटून पडणारं कुत्रं म्हणजे घराचं कुलूप. त्यालाच आपण चांगली भाकर घातली, त्याचंच पिल्लू शेजाऱ्यानं मागून नेलं. पिढ्यान् पिढ्या हेच चाललं.

साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. वाघ चालून आला तेव्हा खंड्यानं महाराजांना वाचवलं, असं सांगतात. धोका दिसला की भुंकणाऱ्या कुत्र्याला आपण असा मान दिला. तेच भुंकणं गल्लीत आलं की गुन्हा होतो. कुत्रं तेच आहे, त्याच्या भोवतालची जागा बदलली.

शहर आणि कुत्रं हे भांडणही जुनंच. १८३२ साली मुंबईत इंग्रज सरकारच्या हुकमानं मोकाट कुत्री मारण्याची मोहीम चालू होती. मारलेल्या कुत्र्यामागं बक्षीस होतं, म्हणून शिपाई पाळीव कुत्रीसुद्धा ओढून न्यायला लागले. जूनमध्ये पारशी समाज रस्त्यावर उतरला, इतर समाजही सामील झाले, बाजार बंद पडला आणि शेवटी लष्कर बोलवावं लागलं. जवळजवळ दोनशे वर्षांनी, ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीतली भटकी कुत्री उचलायचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तो बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री जागच्या जागी सोडा, पण पिसाळलेली आणि आक्रमक सोडू नका. ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनांतून कुत्री हलवायला सांगितलं.

लेकरांचा जीव महत्त्वाचा, त्यात वाद नाही. पण 'आक्रमक' म्हणायचं कुणाला? मोत्याला मी नीट बघितलं तेव्हा दिसलं, की तो भुंकताना पुढं येतो आणि लगेच दोन पावलं मागं सरकतो. शेपूट पोटाखाली. हे भ्यालेलं जनावर होतं. भ्यालेलंही चावतं, म्हणून दुर्लक्ष करून चालत नाही. पण भीतीवर काठी मारली तर भीती वाढते. गुरगुरण्यावर मारलं तर कुत्रं गुरगुरणं सोडतं आणि सूचना न देता चावतं.

भीती घालवायची रीत १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या बाईंनी लिहून ठेवली आहे. पीटर नावाचं लहान मूल सशाला भ्यायचं. त्याला आवडीचं खायला द्यायचं आणि पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा. मूल निवांत खातंय असं दिसलं की ससा थोडा जवळ. असं करत करत पीटर सशाला हात लावू लागला. कुत्र्यांना शिकवणारे जाणकार आज हीच रीत वापरतात. १९६५ साली स्कॉट आणि फुलर या अमेरिकन संशोधकांनी दाखवलं, की पिल्लाच्या वयाच्या साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात त्याला जे भेटतं ते त्याला आपलं वाटतं. मोत्याला त्या वयात आबा, आई आणि दोन बैल भेटले होते. बस्स.

आणि गर्दीत कुत्रं शांत राहूच शकत नाही असं म्हणणाऱ्यांनी मुंबई पोलिसांचा झंजीर आठवावा. पुण्यात शिकलेला हा लॅब्राडोर. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी त्यानं ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून दिलं. अनोळखी माणसं, गोंगाट, धावपळ यांत डोकं थंड ठेवायला त्याला शिकवलं होतं.

आता आम्ही काय केलं ते सांगतो. आधी जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. कान आतून दुखत होता, त्याचा इलाज झाला. रेबीजची लस दिली. दारातली साखळी काढून मागच्या अंगणात जागा केली, कारण बांधलेल्या कुत्र्याला पळायची सोय नसते, मग ते अंगावर येतं. बैलाला बांधतात तसं मुसकं आणलं, पण जाळीचं, आत तोंड उघडता येईल असं. तेही खाऊ घालत घालत सवयीचं केलं.

मग रोज सकाळी मैदानाच्या कडेला बसायचो. माणूस चाळीस पावलांवर दिसला, मोत्याचे कान उभे राहिले, की भुंकायच्या आत उकडलेल्या अंड्याचा तुकडा. माणूस गेला, तुकडा बंद. भुंकला तर समजायचं की आपण फार जवळ आलो, मग गुपचूप मागं जायचं. रागवायचं नाही. दोन आठवड्यांनी तीस पावलं. दिवाळीत फटाके वाजले आणि आम्ही परत चाळिसावर. आई म्हणाली, "लेकरू पडतं-झडतं तसंच आहे हे."

खरी मदत केली ती आशाताईंनी. ज्यांचा पदर फाटला त्याच रोज जाता जाता फाटकाबाहेर आडव्या उभ्या राहायच्या. बघायच्या नाहीत, हात पुढं करायच्या नाहीत. चौथ्या महिन्यात त्या ओसरीवर बसून चहा प्यायल्या. मोत्या मुसकं घालून आईच्या बाजेखाली पडून होता.

तो बदलून देवमाणूस झालेला नाही. आजही नवा माणूस आला की दोनदा भुंकतो, मग आईकडं बघतो. लेकरं आली की आम्ही त्याला मागच्या अंगणात ठेवतो. ती काळजी कायमची.

म्हणून सांगणं एवढंच. गावाकडं पिल्लं असतील तर दोन-तीन महिन्यांची होईपर्यंत त्यांना माणसं दाखवा. लस चुकवू नका. कुणालाही चावलं तर जखम साबणानं पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा, झाडपाल्यावर थांबू नका. आणि तुमच्या दारात असा एखादा मोत्या असेल, तर घाटात नेऊन सोडायच्या आधी त्याच्याजवळ चाळीस पावलांच्या अंतरावर थोडे दिवस बसून बघा.