जुना चित्रपट शोधायचा कोठे?

जुना चित्रपट शोधायचा म्हटले की आज हात आपोआप मोबाइलकडे जातो. नाव टाकले की प्रदर्शनाचे वर्ष, दिग्दर्शक, संगीतकार, कलावंत अशी सारी कुंडली क्षणात समोर येते. ही कुंडली मांडली कोणी आणि कशाच्या आधारे, हा प्रश्न मात्र फारसा कोणाला पडत नाही. तो पडायला हवा. ज्या चित्रपटांची एक फूटही फीत उरलेली नाही, त्यांच्याविषयी आपल्याला जे काही ठाऊक आहे ते चित्रपटगृहात विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका, वर्तमानपत्रांतील जाहिराती, सेन्सॉरच्या नोंदी आणि ध्वनिमुद्रिकांवरील लेबले यांतून वेचलेले आहे. यातला थोडा कागद सरकारी कपाटांत होता, बाकीचा घराघरांतील माळ्यांवर. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत जुन्या चाळी आणि इमारती पुनर्विकासासाठी रिकाम्या होत असताना या माळ्यांवरचा कागद रद्दीत चालला आहे. इंटरनेटपूर्वी हा शोध कसा चाले आणि त्यातील कोणती साधने आजही उपयोगी पडतात, याची ही नोंद त्यासाठीच.

चित्रपट पाहायला मिळण्याच्या वाटा मोजक्या होत्या. चित्रपटगृहातून उतरलेला चित्रपट पुन्हा मॅटिनीला लागण्याची वाट पाहणे ही पहिली. कमी दराच्या या खेळांना वितरक जुन्या प्रिंट फिरवीत. फीत तुटली की ऑपरेटर तुटलेला भाग कापून ती जोडत असे. त्यामुळे गावोगाव फिरून आलेल्या प्रिंटमध्ये संवाद मध्येच उडणे, गाण्याचे एखादे कडवे गायब असणे हे प्रेक्षकांनी गृहीतच धरलेले असे. दुसरी वाट गणेशोत्सवाची. मंडळे १६ मिलिमीटरची प्रिंट आणि प्रोजेक्टर भाड्याने आणीत. चाळीच्या अंगणात पांढरा पडदा ताणला की दोन्ही बाजूंना प्रेक्षक बसत. मागच्या बाजूस बसलेल्यांना श्रेयनामावली उलटी दिसे आणि नायक डावखुरा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरील नाझ सिनेमाचा परिसर हा वितरकांच्या कचेऱ्यांचा बालेकिल्ला होता. एखादी प्रिंट अस्तित्वात आहे की नाही, हे विचारायचे ठिकाण तेच.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. शनिवारचा मराठी चित्रपट आणि रविवारचा हिंदी चित्रपट यांच्यामुळे जुने चित्रपट घरात आले. ज्याच्याकडे संच असे, त्याच्या खोलीत सारी चाळ जमत असे. पुढे राष्ट्रीय प्रक्षेपणात रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतील पुरस्कारप्राप्त चित्रपट इंग्रजी उपशीर्षकांसह दाखविले जाऊ लागले. बंगाली, मल्याळम, कन्नड चित्रपटांशी उपनगरांतील अनेक घरांची पहिली ओळख त्या दुपारी झाली. मात्र दूरदर्शनवरचा चित्रपट एकदाच भेटे. त्या संध्याकाळी वीज गेली की सारे संपले.

१९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या सुमारास रंगीत संच आणि व्हीसीआर आले आणि गल्लोगल्ली व्हिडिओ लायब्ऱ्या निघाल्या. व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्याने आणून पहाटेपर्यंत तीन-तीन चित्रपट पाहण्याची प्रथा याच काळातली. पण या लायब्ऱ्यांत नव्या हिंदी चित्रपटांचीच चलती होती. जुना मराठी चित्रपट कॅसेटवर मिळणे कठीण असे, कारण निर्मिती संस्था बंद पडलेली, हक्क कोणाकडे हे कोणालाच ठाऊक नाही आणि निगेटिव्ह कोणत्या प्रयोगशाळेत पडली आहे याचाही पत्ता नाही, अशी बहुतेकांची स्थिती होती. व्हिडिओ चाचेगिरीला आळा घालण्यासाठी १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. नव्या ५२-अ कलमान्वये कॅसेटवर निर्मात्याचे आणि हक्कधारकाचे नाव-पत्ता देणे, तसेच सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत दाखविणे बंधनकारक झाले. बनावट कॅसेटवर अर्थातच यातले काही नसे. मात्र अधिकृत कॅसेटचे वेष्टन आज हक्कांचा माग काढणाऱ्याला उपयोगी पडते. कॅसेट खराब झाली म्हणून वेष्टनही टाकून देऊ नये ते याचसाठी.

परदेशी चित्रपट आणि भारतीय समांतर चित्रपट पाहायचे तर फिल्म सोसायटीला पर्याय नव्हता. १९५९ मध्ये फिल्म सोसायट्यांचा महासंघ स्थापन झाला आणि सत्यजित राय त्याचे पहिले अध्यक्ष होते. मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ सुरू झाले. त्याच्या उभारणीत आणि वाटचालीत सुधीर नांदगावकर यांचा मोठा वाटा होता. मंडळाच्या ‘रूपवाणी’तून चित्रपटांविषयी मराठीत गांभीर्याने लिहिले जाऊ लागले. डोंबिवलीकराला अशा खेळासाठी तासाभराचा लोकलप्रवास करावा लागे आणि चित्रपट लांबला की परतीच्या गाडीचा घोर लागे.

पुस्तिकेतला चित्रपट

पाहणे ही एक गोष्ट झाली. माहिती मिळविणे ही वेगळी, आणि माझ्या मते अधिक रंजक. तिचा सर्वांत मोठा आधार म्हणजे चित्रपटगृहात काही पैशांना मिळणारी गाण्यांची पुस्तिका. मुखपृष्ठावर जाहिरातीचे चित्र, आत कलावंत व तंत्रज्ञांची यादी, कथासार आणि सर्व गीते असा तिचा ठरलेला साचा होता. कथासार हिंदी, उर्दू, इंग्रजी, कधी गुजराती किंवा मराठीत असे आणि ऐन रंगात येताच ‘पुढे काय झाले ते पडद्यावर पाहा’ अशा अर्थाच्या वाक्याने थांबत असे. गंमत वाटणारी ही युक्ती संशोधकाला मात्र जाचते. फीत नष्ट झालेल्या चित्रपटाचा शेवट काय होता, हे पुस्तिका हाती असूनही कळत नाही.

अशा पुस्तिकांवरच एक अचाट काम उभे राहिले. कानपूरचे हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांनी १९३१ पासूनच्या हिंदी बोलपटांतील गीतांची दशकवार सूची ‘हिंदी फिल्म गीत कोश’ या नावाने सिद्ध केली. १९८० पासून तिचे खंड प्रसिद्ध होऊ लागले. चित्रपटाचे नाव, वर्ष, निर्मिती संस्था, दिग्दर्शक, कलावंत, मग एकेक गीत, त्याचा गायक, गीतकार, ध्वनिमुद्रिकेचा क्रमांक अशी नोंदींची शिस्त आहे. देशभरातील संग्राहकांनी आपापल्या ट्रंका उघडून पुस्तिका आणि ध्वनिमुद्रिकांचे तपशील पाठविले म्हणून हे शक्य झाले. जिथे गायकाचे नाव निश्चित होऊ शकले नाही तिथे जागा मोकळी ठेवण्याचा प्रामाणिकपणा या कोशात आहे. इंटरनेटवर तो अभावाने दिसतो. तिथे मोकळी जागा कोणाला आवडत नाही. कोणीतरी अंदाजाने नाव भरतो आणि दहा संकेतस्थळे ते उचलतात.

गायकांच्या नावांचा घोळ का होतो, हे ‘महल’ (१९४९) च्या उदाहरणावरून समजते. त्यातील गाजलेल्या गीताच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून नाव छापले गेले ते ‘कामिनी’. ते मधुबालाने रंगविलेल्या पात्राचे नाव. लता मंगेशकर यांचे नाव लेबलवर नव्हतेच. त्या काळात पार्श्वगायकांची नावे न देण्याचाच रिवाज होता. त्यामुळे लेबल, पुस्तिका आणि प्रत्यक्ष आवाज या तिन्हींचा ताळा घालावा लागतो. जुन्या ध्वनिमुद्रिका जमविणाऱ्यांची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था मुंबईत १९९० मध्ये स्थापन झाली. सुरेश चांदवणकर यांच्या पुढाकाराने तिच्या नियतकालिकातून असे तपशील सातत्याने प्रसिद्ध झाले आहेत.

मूकपटांच्या बाबतीत तर गीतेच नाहीत. तेथे वर्तमानपत्रातील जाहिराती आणि सरकारी राजपत्रातील सेन्सॉरच्या नोंदी यांवरच भिस्त. वीरचंद धरमसी यांनी या साधनांवरून मूकपटांची सूची तयार केली आणि १९९४ मध्ये सुरेश छाब्रिया यांनी संपादित केलेल्या ‘लाइट ऑफ एशिया’ या ग्रंथात ती प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी आशिष राजाध्यक्ष आणि पॉल विलेमेन यांचा भारतीय चित्रपटांचा इंग्रजी कोश आला. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘इंडियनसिने.मा’ या संकेतस्थळाची वीट याच कोशावर रचली गेली. म्हणजे पडद्यावर दिसणारी माहिती आधी कागदावरच जमली होती.

तारीख आणि लांबी

चित्रपटाच्या आरंभी झळकणारे सेन्सॉरचे प्रमाणपत्र बहुतेक प्रेक्षक जागा शोधण्यात दवडतात. त्यावर प्रमाणपत्राचा क्रमांक, दिनांक, रिळांची संख्या आणि फितीची लांबी असते. ३५ मिलिमीटरची हजार फूट बोलपटफीत साधारण अकरा मिनिटे चालते. प्रमाणपत्रावर चौदा हजार फूट असेल तर चित्रपट सुमारे दोन तास पस्तीस मिनिटांचा असला पाहिजे. हाती आलेली प्रत दोन तासांत संपत असेल तर पस्तीस मिनिटे कोणीतरी कापली आहेत. एका व्हीसीडीवर सुमारे ऐंशी मिनिटेच मावत. त्यामुळे चित्रपट दोन तबकड्यांत बसविण्यासाठी गाणी आणि विनोदी प्रसंगांवर कात्री चालविली जात असे. यूट्यूबवरील अनेक जुने चित्रपट अशाच कापलेल्या प्रतींवरून चढविलेले आहेत. पाहताना लांबी पडताळावी.

नावांचीही खबरदारी घ्यावी लागते. बाबूराव पेंटर यांनी ‘सावकारी पाश’ दोनदा केला, १९२५ मध्ये मूक आणि १९३६ मध्ये बोलका. मूक आवृत्तीची प्रत उपलब्ध नाही. त्यामुळे त्या नावाचे छायाचित्र मिळाले तर ते कोणत्या आवृत्तीचे हे आधी ठरवावे लागते. ‘प्रभात’चे अनेक चित्रपट दोन भाषांत निघाले : ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हिंदीतही त्याच अर्थाच्या नावाने, ‘कुंकू’ (१९३७) हिंदीत ‘दुनिया न माने’, ‘माणूस’ (१९३९) हिंदीत ‘आदमी’. ‘शेजारी’ (१९४१) आणि त्याची हिंदी आवृत्ती ‘पडोसी’ यांत तर एक प्रमुख कलावंतही वेगळा आहे. मराठीत केशवराव दाते, हिंदीत मझहर खान. आजोबांच्या आठवणीतला नट आणि कॅसेटवरचा नट जुळत नसेल तर आजोबांना लगेच चुकीचे ठरवू नये.

वर्षाचा घोळ सर्वांत मोठ्या चित्रपटालाही चुकलेला नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये प्रदर्शित झाला. पण आज जी रिळे आपण १९१३ ची म्हणून पाहतो ती दादासाहेब फाळके यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची आहेत, असे धरमसी यांच्यासारख्या अभ्यासकांचे म्हणणे आहे.

ही रिळे उरली तीच मुळी एका माणसाच्या पायपिटीमुळे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय फेब्रुवारी १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झाले. पुढच्याच वर्षी तेथे रुजू झालेले पी. के. नायर १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत देशभर फिरून फिती गोळा करीत राहिले. फाळके कुटुंबीयांकडून नाशिकला मिळालेल्या तुकड्यांतूनच ‘कालिया मर्दन’ (१९१९) आज पाहता येतो. चांदीसाठी फिती वितळविल्या जात, त्यांच्या पट्ट्यांपासून बांगड्याही बनत. अशा काळात हे घडले. नायर यांच्यावरील ‘सेल्युलॉइड मॅन’ (२०१२) हा माहितीपट मिळवून पाहावा. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात लागलेल्या आगीत संग्रहालयाच्या नायट्रेट फितींचा मोठा साठा जळाला. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये झळकलेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या हिंदी बोलपटाची तर एकही प्रत नायर यांना अखेरपर्यंत मिळाली नाही.

माळ्यावर काय पाहावे

आमची डोंबिवलीची इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा आजोबांची पत्र्याची ट्रंक रद्दीवाल्याकडे गेली. मी त्या दिवशी कामावर होतो. घरात उरल्या त्या कपाटात वेगळ्या ठेवलेल्या चार पुस्तिका. प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीने तारीख, टॉकीजचे नाव आणि तिकिटाचा दर लिहिलेला आहे. चित्रपट एखाद्या गावात नेमका कधी लागला, हे सांगणारा पुरावा बहुधा असाच असतो. असे हस्ताक्षर दिसले तर ते खोडू नये. पुस्तिका लॅमिनेट करू नये, चिकटपट्टी लावू नये. आम्लरहित कागदात सपाट ठेवावी आणि दोन्ही बाजूंचे स्वच्छ छायाचित्र काढून ठेवावे. पानांचा क्रम बदलू नये.

ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय (१८९३) आणि कल्याणचे सार्वजनिक वाचनालय (१८६४) यांच्यासारख्या जुन्या ग्रंथालयांत चित्रपटविषयक नियतकालिके आणि दिवाळी अंक यांची चौकशी करताना अंकाचे वर्ष आणि महिना सांगता आला तर काम सोपे होते. नाशिकहून निघणारे ‘रसरंग’, इंग्रजीतील ‘फिल्मइंडिया’ (१९३५ पासून), ‘स्क्रीन’ (१९५१) आणि ‘फिल्मफेअर’ (१९५२) यांचे सुटे अंक रद्दीत आढळले तर बाजूला काढावेत. इसाक मुजावर यांच्या पुस्तकांतही जुन्या मराठी चित्रपटांविषयी विपुल मजकूर आहे.

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग आहे. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरील त्याच्या वास्तूत फितींबरोबरच पुस्तिका, भित्तिपत्रके आणि छायाचित्रेही जतन केली जातात. मुंबईतील फिल्म हेरिटेज फाउंडेशन (२०१४) हीदेखील अशा वस्तूंचे जतन करणारी संस्था आहे. देणगी देण्यापूर्वी वस्तूंची यादी करून पाठवावी. फितीचा डबा सापडला तर तो उन्हात किंवा स्वयंपाकघराजवळ उघडू नये. व्हिनेगरसारखा वास आला तर फीत ॲसिटेटची असून सडू लागली आहे आणि ती इतर फितींपासून वेगळी ठेवावी. १९५० पूर्वीची फीत नायट्रेटची असू शकते. ती अत्यंत ज्वालाग्राही असते, म्हणून प्रोजेक्टरवर चढवून पाहण्याचा मोह टाळून आधी संग्रहालयाला कळवावे. डब्यावरची जुनी चिठ्ठी मात्र काढू नये, कारण आत काय आहे हे बहुधा तेवढ्यावरूनच कळते.