मुक्या जनावरांची वेदना

जनावराला दुखलें खुपलें तर तें ओरडतें, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. माझीही होती. मी दहा-अकरा वर्षांचा असतांना आमचा एक बैल दोन दिवस मान खालीं घालून मुकाट्यानें गाडीला चालला. तिसऱ्या दिवशीं काका गोठ्यांत आले, क्षणभर कान देऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हा दात खातोय. रवंथही बंद आहे. पोटांत दुखतंय याच्या."

विद्वानांना मात्र येथवर येण्यास फार काळ लागला. सतराव्या शतकांत फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यानें पशु म्हणजे घड्याळासारखें यंत्र होय, असें प्रतिपादिलें. त्याच्या कांहीं अनुयायांना तर कुत्र्याचें विव्हळणें म्हणजे चाकाची करकर वाटे! १८२२ सालीं रिचर्ड मार्टिन याच्या खटपटीनें ब्रिटिश पार्लमेंटनें गुराढोरांच्या छळास बंदी करणारा कायदा केला. पण कायद्याला फटका दिसतो, आंतली कळ दिसत नाहीं. १८७२ मध्यें चार्ल्स डार्विन यानें मनुष्य व पशु यांच्या भावना चेहऱ्यावर आणि अंगावर कशा उमटतात, यावर ग्रंथ लिहिला. वाट तेथें उघडली. तिच्यावरून चालण्यास आणखी सवाशेंहून अधिक वर्षें गेलीं.

२०१० सालीं माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठांतील संशोधकांनीं चक्क उंदराचा चेहरा वाचला. आवळलेले डोळे, फुगलेलें नाक, फुगलेले गाल, कानांची ठेवण आणि मिशा, अशा पांच खुणा. प्रत्येकीस शून्य, एक किंवा दोन गुण. आम्हां मास्तरांना ही पद्धत फार जवळची! २०१४ मध्यें घोड्यांसाठीं अशीच सहा खुणांची मोजपट्टी प्रसिद्ध झाली. खच्ची करण्यापूर्वींचे व नंतरचे घोड्यांचे चेहरे ताडून ती ठरविली होती. मागें वळून ताठरलेले कान, डोळ्यांभोंवतालचा ताण, आखडलेला जबडा, ताणलेल्या नाकपुड्या, हीं तींतील कांहीं लक्षणें.

हें इतकें अवघड कां? ज्याची शिकार होते, तो प्राणी आपलें दुबळेपण लपवितो. लांडगा कळपांतलें लंगडें जनावरच आधीं हेरतो. परका माणूस जवळ येतांच दुखणाईत घोडाही सावरून उभा राहतो. म्हणून दुरून, स्वस्थपणें पाहावें लागतें. शिवाय पेंगुळलेलें जनावरही डोळे मिटतें. तेव्हां एकाच खुणेवर भिस्त ठेवून चालत नाहीं.

काकांनीं त्या दिवशीं बैलाला जुंपूं दिलें नाहीं. आदल्या दोन दिवसांत, सावकाश चालतो म्हणून, मीं त्याला पराणी टोंचली होती. तेव्हांही तो ओरडला नव्हता.