बारा फोटोंचा रोल

सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरांत सोप्यातल्या भिंतीवर लग्नाचा ग्रुप फोटो असतो. अपशिंगे मिलिटरीसारख्या सैनिकी गावांत त्याच्या शेजारी वर्दीतला तरुणही दिसतो. यांतले कितीतरी कृष्णधवल फोटो मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्याने काढलेले आहेत. या कॅमेऱ्याच्या बाजाराचे पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर त्या भिंतीपासूनच शोधावे लागते.

कोडॅकने 1901 मध्ये 120 क्रमांकाचा रोल आणला. 1929 मध्ये जर्मनीत रोलायफ्लेक्स आला, पुढे जपानची याशिका. दोन भिंगांचा हा कॅमेरा पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून काचेत पाहायचे. परदेशी माल दुर्मिळ होता त्या काळात बडोद्याचा ॲग्फा क्लिक-थ्री हौशी लोकांच्या हाती आला आणि उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म दुकानांत दिसू लागली. चौरस निगेटिव्हचे रोलवर बाराच फोटो निघत. म्हणून माणसे नीट बसवल्याशिवाय बटण दाबले जात नसे.

या निगेटिव्हची बाजू 56 मिलिमीटर. तिच्यावरून दहा इंची चौरस फोटो करायला साडेचार पट मोठे करणे पुरे; 35 मिलिमीटरच्या फिल्मवरून तेच दहा पटींहून अधिक. त्यामुळे ग्रुपमधला मागच्या रांगेतला चेहराही स्पष्ट येई. स्टुडिओवाले निगेटिव्ह क्रमांक घालून जपत. घरातले माणूस गेले की नातेवाईक त्याच निगेटिव्हवरून मोठा फोटो करून नेत. स्टुडिओची खरी ठेव ही होती.

रंगीत फिल्म आणि 36 फोटोंचा स्वस्त रोल आल्यावर हिशेब बदलला. डिजिटलने तो मिटवला. मीडियम फॉरमॅट मात्र संपला नाही. 2016 मध्ये हॅसलब्लाडने एक्सवन-डी आणला, 2017 मध्ये फुजीफिल्मचा जीएफएक्स बाजारात आला. त्यांचा सेन्सर 44 बाय 33 मिलिमीटर, म्हणजे जुन्या चौरस निगेटिव्हच्या निम्म्याहून लहान, किंमत लाखांत. जाहिरात आणि फॅशनच्या जगात तो टिकेल. जुने कॅमेरे हौशी लोक विकत घेतील. पण तालुक्याच्या गावातला स्टुडिओ तो घेणार नाही, कारण दर्जा कळत नाही म्हणून नव्हे, तर गिऱ्हाईक आता फोटो मोबाइलवर पाहते. मोठ्या छपाईची गरजच उरलेली नाही.

म्हणून आपल्याकडे प्रश्न कॅमेऱ्याचा कमी आणि निगेटिव्हचा जास्त आहे. सांगलीत कृष्णेचा पूर 2005, 2019 आणि 2021 मध्ये बाजारपेठेत शिरला. 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेले. ओल लागली की फिल्मवरचा जिलेटिनचा थर फुगतो, निगेटिव्ह एकमेकांना चिकटतात. स्टुडिओ बंद करताना वारसांना ते खोके अडगळ वाटते, ते वेगळेच.

औंधच्या टेकडीवर 1938 पासून श्री भवानी संग्रहालयात चित्रे जपली जात आहेत. सामान्य माणसांच्या चेहऱ्यांना अशी उंचावरची जागा मिळालेली नाही. प्रकाशपेटी आणि साधा डिजिटल कॅमेरा एवढ्यावर निगेटिव्हची प्रत करता येते. ज्या तंत्राने स्टुडिओ बंद पाडले, त्यानेच त्यांची ठेव वाचू शकते. मात्र खोके रद्दीत जाण्याआधी कुणीतरी ते उघडायला हवे.